आमची गाडी मिस्त्रीकडे कधीच बंद पडली नाही

आमची गाडी फक्त मालकाच्या हातात बंद पडायची.

एरवी तिच्यात काही खोट नव्हती. जुनी होती, पांढरी होती (म्हणजे धुतल्यावर पांढरी होती), आणि अंबडच्या एका डॉक्टरांकडून मी ती घेतली तेव्हा ते म्हणाले होते, "काळजी करू नका रंगनाथराव, सगळं व्यवस्थित आहे." डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांशी ज्या आवाजात बोलतात, अगदी त्याच आवाजात ते बोलले होते. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

अंबडला माझं खता-बियाण्याचं दुकान आहे आणि शहागडच्या रस्त्याला शेती. पण माझी खरी इस्टेट म्हणजे किल्ल्यांचा जुडगा! आमच्या घरात कारभार बदलतो तो पाडव्याच्या दिवशी. बाप जुडगा देवापुढे ठेवतो, नारळ फोडतो आणि थोरला मुलगा चार माणसांदेखत जुडगा उचलतो. आबांनी ठेवला, मी उचलला, आणि माझं मनगट मुरगळलं. पुढे आठवडाभर हळद लावून हिंडलो, पण छाती मात्र पुढे काढून.

लोखंडी कडीत ओवलेला तो सगळा संसार होता. दुकानाचं शटर, खताचं गोदाम, विहिरीवरच्या मोटारीची पेटी, घराचं पुढचं दार, मागचं दार, कपाट, गावच्या मारुतीची दानपेटी. एक किल्ली चोरीला गेलेल्या सायकलीची होती. सायकल गेली तरी किल्ली आपल्याकडे आहे, म्हणजे मालक आपणच, असं आबांचं म्हणणं होतं. आणखी दोन-तीन किल्ल्या कशाच्या आहेत ते कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून तर त्या टाकता येत नव्हत्या!

या जुडग्याचा दरारा काय सांगावा! मी कोपऱ्यावर असतानाच तो वाजायचा. दुकानातली माणसं मोबाइल खिशात घालून पोती मोजायला लागायची. घरात टीव्हीचा आवाज बारीक व्हायचा, आई जपाची माळ शोधायची, आणि सगळे सावरून बसायचे. आणि जुडगा मी कुणाच्या हातात देत नसे. माझ्या बायकोच्या, सुनंदाच्यासुद्धा नाही.

"अवं, कपाटाची किल्ली द्या जरा."

"कशाला पाहिजे?"

"रुमाल काढायचाय."

"बस, मी देतो काढून."

मग मी उठायचो, कपाट उघडायचो, एक रुमाल काढून तिच्या हातात ठेवायचो, कुलूप लावायचो आणि लागलं की नाही ते ओढून बघायचो. स्वतःच्या बायकोपासून रुमाल सांभाळणारा मी एवढा हुशार माणूस होतो!

एकाच जिवाला तो जुडगा हातात घ्यायची मुभा होती. माझी भाची पल्लवी. परतूरच्या अक्काची, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीची लेक. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आमच्याकडे यायची आणि जुडगा कमरेला लावून घरभर "कोण हाय रं तिकडं?" असं माझ्या आवाजात ओरडत फिरायची. आम्हाला पोरबाळ नाही. त्यामुळे ती ओरडली की घर भरल्यासारखं वाटायचं.

तर गाडी घेतली त्याच दिवशी तिची किल्ली मी जुडग्यात ओवली. गाडीला किल्ली लावली की बाकीचा संसार खाली माझ्या गुडघ्यापर्यंत लोंबायचा. स्पीडब्रेकर आला की असा काही वाजायचा की पुढची शेळ्यामेंढरं आपोआप बाजूला व्हायची. मला हॉर्नची गरजच पडली नाही.

गाडी पहिल्यांदा बंद पडली ती भर बाजाराच्या दिवशी. तीही कुठे, तर माझ्या समोरच्या दुकानदाराच्या दारात! बंद म्हणजे एकदम बंद. आचका नाही, खोकला नाही. आत्ता चालू होती, आत्ता नाही. तो माणूस गल्ल्यावरून उठून बाहेर आला. इतक्या प्रेमानं तो माझ्याकडे कधीच आला नव्हता.

"काय झालं रंगनाथराव? धक्का मारू का?"

"काही न्हाई, सहज थांबलो."

"रस्त्याच्या मधात?"

मी किल्ली फिरवली तर गाडी लगेच चालू! जणू काही झालंच नव्हतं. पण दोन दिवसांनी पुन्हा तेच, मग रोज. कधी खड्ड्यात, कधी वळणावर, कधी स्पीडब्रेकरवर. शेवटी मी गाडी गफार मिस्त्रीकडे नेली.

इथे माझा एक नेम सांगून ठेवतो. गाडी मिस्त्रीला देताना मी गाडीची तेवढी किल्ली जुडग्यातून काढून द्यायचो. मिस्त्री भला माणूस आहे, पाच वेळचा नमाजी आहे, पण घरादाराच्या किल्ल्या कुणी परक्याच्या हातात देतं का? जुडगा माझ्या खिशात, किल्ली त्याच्या हातात. गाडी घेऊन तो वडीगोद्रीपर्यंत फिरून आला.

"शेठ, एक बार बी बंद नै हुई. मक्खन चलरी."

"आरं माझ्या हातात तर बंद पडून राह्यली ना!"

"अब वो मैं कैसा बोलू, शेठ?" असं म्हणून त्यानं माझ्या हातांकडे बघितलं.

तरी त्यानं प्लग बदलले, फिल्टर बदलला, पेट्रोलचा पंप उघडून पुन्हा बसवला. मी किल्ली घेतली, जुडग्यात ओवली, ऐटीत निघालो आणि गॅरेजच्या फाटकातल्या नालीवर गाडी बंद! मी परत गेलो, किल्ली काढून दिली, तो पुन्हा फिरवून आला. मक्खन! यानंतर त्यानं वायरिंग बघितलं, कॉइल बदलली, आणि शेवटी बदलायला काही उरलं नाही तेव्हा मलाच म्हणाला, "शेठ, एक काम करो. बेच डालो. या फिर ड्रायवर रखो."

आता घरात ज्याला त्याला इंजिनातलं कळायला लागलं. आई म्हणाली, दृष्ट लागली. समोरच्याच्या दारात बंद पडली म्हणजे त्याचीच लागली. तिनं गावच्या मारुतीपुढे सात गाठींचा काळा दोरा भारून आणला, सोबत एक पितळी मारुती आणला (मूठभर होता, पोकळ नव्हता), आणि दोन्ही जुडग्याला बांधले. "आता बघ कशी पळती."

गाडी आणखी जास्त बंद पडायला लागली.

मला मात्र वेगळाच संशय होता. हे समोरच्याचं काम! रात्रीतून टाकीत काहीतरी टाकत असणार. मी पेट्रोलच्या झाकणाला कुलूप बसवलं. बॉनेटला कडी लावून दुसरं कुलूप लावलं. स्टीअरिंगला तिसरं. तिन्ही किल्ल्या अर्थातच जुडग्यात! आता गाडी खड्ड्याची वाटसुद्धा बघेना. रस्त्यावर उसाचं टिपरू आडवं पडलेलं असलं तरी बंद.

"तुमच्या माघारी कोण हात लावतंय त्या डबड्याला?" सुनंदा म्हणाली. "मिस्त्रीकडं चालती, तुमच्याकडं बंद पडती. समोरच्याचं काय देणंघेणं?"

"मंग काय माझ्यात खोट हाय का?"

ती भाजी निवडत राहिली. भाजीत काही नव्हतं तरी निवडत राहिली.

अशात पल्लवीचं लग्न निघालं. परतूरला, दुपारच्या मुहूर्तावर. आमच्याकडे मामाशिवाय मुलगी बोहल्यावर चढत नाही. गुरुजी पुकारतात, मामा भाचीला हाताला धरून आणतो आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. अक्काचा आठवडाभर आधीपासून रोज फोन.

"रंगा, जालन्याला जाऊन रेल्वेनं ये. न्हाई तर येष्टीनं ये. त्या गाडीत येऊ नको."

"अक्का, मामा येष्टीनं येतो का कुठं? पावण्यांत काय इज्जत राह्यील?"

मग पल्लवीनं फोन घेतला. "मामा, तू कशात बी ये. बैलगाडीत ये. पण येळेवर ये. तू आल्याशिवाय मी उठणार न्हाई, सांगून ठिवते."

हे ऐकून माझे डोळे भरून आले आणि गाडीनंच जायचा निर्धार आणखी पक्का झाला. माणूस गाढव असला की मायेचाही उपयोग तो असाच करतो.

सकाळी निघालो. मी स्टीअरिंगवर, नवा फेटा, नवं जाकीट. शेजारी सुनंदा पैठणी नेसून. मागे आई, मांडीवर भाचीच्या साडीचं गाठोडं घेऊन. घनसावंगीच्या रस्त्याला लागलो तोवर गाडी चार-दोनदा बंद पडली होती, ती मी जमेतच धरली नाही. पण पुढे रस्ता असा काही आला की खड्ड्यांच्या मधे डांबर शोधावं लागावं. खड्डा, छण्ण, बंद. किल्ली, चालू. खड्डा, छण्ण, बंद! दोन्ही बाजूंच्या कापसात वेचणाऱ्या बाया कंबर सरळ करून आमच्याकडे बघत होत्या.

अक्काचा फोन. "कुठं आलास रं?"

"आलोच. परतूर दिसून राह्यलं." (परतूर दिसत नव्हतं. एक बाभूळ दिसत होती.)

फोन ठेवला तेव्हा सुनंदा माझ्याकडे नाही, खाली माझ्या गुडघ्याकडे टक लावून बघत होती.

"जुडगा वाजला," ती म्हणाली.

"मंग? तो वाजतोच."

"वाजला आन गाडी बंद पडली. मघाशी बी तसंच झाल्तं. सकाळपासून मी ऐकून राह्यले."

"तुला काय इंजिनातलं कळतं?"

"इंजिनातलं न्हाई कळत. जुडग्यातलं कळतं. लग्न झाल्यापासून दुसरं काय ऐकलं मी?"

आणि तिनं वाकून सगळा जुडगा खालून तळहातावर तोलून धरला. पुढचा खड्डा आला. गाडीचं बूड आपटलं, आईनं देवाचं नाव घेतलं, पण गाडी चालूच! मी म्हणालो, योगायोग. तिनं पुढच्या खड्ड्याला हात काढून घेतला. छण्ण. बंद!

मी गाडी चालू केली. मिस्त्रीकडे ही कधीच बंद पडली नाही आणि मिस्त्रीला मी जुडगा कधीच दिला नाही, ह्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींजवळ येत होत्या. मी त्यांना लांब ठेवायचा प्रयत्न करत होतो.

"तेवढी गाडीची किल्ली राहू द्या, बाकीचं काढून माझ्याकडं द्या," सुनंदा म्हणाली.

"तुझ्याकडं? सगळं?"

"न्हाई तर मागं आईकडं द्या."

मागून आई कडाडली, "त्या दोऱ्याला हात लावायचा न्हाई! सात गाठीचा हाय. मारुती बांधलाय त्याला. भर रस्त्यात देव सोडतो का कुणी?"

मला तर आधार सापडला. "बघ, आईच नको म्हणती. तू आपली धरून बस."

आणि माझी बायको पैठणी नेसून, केसांत गजरा माळून, अर्धी माझ्या मांडीवर ओणवी होऊन जुडगा तळहातावर धरून बसली. कोसामागून कोस! समोरून येणारा जो तो मोटारसायकलवाला आमच्याकडे बघून मान फिरवत होता. आम्ही काय करतोय असं त्यांना वाटलं, ते मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

परतूर खरोखर दिसायला लागलं तेव्हा तिचा हात भरून आला होता. तेवढ्यात वळणावर उसाचा ट्रक समोर आला. तिनं घाबरून डॅशबोर्ड धरला. जुडगा सुटला. छण्ण! गाडी रस्त्याच्या मधोमध, आडवी. ट्रकनं असा काही ब्रेक मारला की चार ऊस आमच्या बॉनेटवर येऊन पडले.

ड्रायव्हरनं खिडकीतून मान काढली. तो शिव्या देणार म्हणून मी तयारीत होतो. पण त्याची नजर जुडग्यावर गेली आणि त्याचा राग विरघळला.

"काका, जेलर हाव का तुम्ही?"

आणि तेवढ्यात शेतांवरून कर्ण्याचा आवाज आला. "मुलीच्या मामांनी मुलीला मंडपात घेऊन यावं!" पाठोपाठ माझा फोन वाजला. अक्काचे यजमान, आमचे दाजी.

"रंगनाथराव, नवरदेव उभा राह्यलाय. भास्करला मामा म्हणून उभा करतो. चुलत का असंना, मामाच हाय. आन कोट घालून आलाय."

भास्कर! माझा चुलत भाऊ! पल्लवीला शेवटचं त्यानं बघितलं तेव्हा ती रांगत होती. आतापर्यंत इज्जतीची काळजी होती. आता वाटलं, ती पोर बसून राहील आणि सगळे मिळून तिला उठवतील, दुसऱ्याच्या हाताला धरून.

"आई," मी म्हणालो, "दोरा तोडतोय."

आई उसाकडे बघत होती. "तोड बाबा," ती म्हणाली. "मारुतीनं ट्रक थांबवला, तेवढं बास झालं."

सात गाठी कशा सुटणार! सुनंदानं दातानं दोरा तोडला. मी कडीतून गाडीची किल्ली काढली. उरलेला जुडगा हातात होता, आणि तो खिशात घालायला हात चाललाच होता, पण जाकीट लग्नातलं! त्याला खिसा म्हणून जी शिवण होती तिच्यात सायकलचीसुद्धा किल्ली मावली नसती.

"घे," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो. सुनंदानं जुडगा कमरेला खोचला.

आणि गाडी निघाली ती मक्खन! खड्डे आले, गेले, ती एकदाही थांबली नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मला तिचा इतका राग आला की विचारू नका.

मंगल कार्यालयात मी धावतच शिरलो. नवरीच्या खोलीच्या दारात पोचलो तर आत अक्का माझ्याकडे पाठ करून बोलत होती. मी आलोय हे तिला कळलंच नव्हतं. कळणार कसं? मी वाजतच नव्हतो!

"ऊठ पल्लू. न्हाई येत तो. आला असता तर येशीपासून आवाज आला असता. त्याला भाचीपेक्षा कुलपं जास्त हायेत, लहानपणापासून बघून राह्यले मी त्याला."

पलीकडे भास्कर कोटाची बटणं लावत होता. पल्लवी खाली मान घालून म्हणाली, "मामा येणार हाय."

मला फार वाईट वाटलं. हुंदकाच आला म्हणा ना. "आलोय मी," असं म्हणालो, पण जुडगा वाजला नव्हता, त्यामुळे कुणी वळलंच नाही. वळले ते मागून आवाज आला तेव्हा. छण्ण, छण्ण, छण्ण! अक्का गर्रकन फिरली, "आला गं बाई!" म्हणाली, आणि बघते तर जुडगा सुनंदाच्या कमरेला, आणि मी पुढे रिकाम्या हातांनी उभा, फेटा एका कानावर.

पल्लवी उठली. माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "मामा, तुझा जुडगा?"

"मामीकडं हाय."

"खरंच?" ती माझ्याकडे असं बघत राहिली की भास्करच म्हणाला, "चला लवकर, अक्षता वाटल्यात." अक्षता पडेपर्यंत मी तिच्या पाठीशी उभा होतो. ते मात्र चांगलं झालं, आणि त्यात मी काही बिघडवलं नाही.

परत आल्यावर गफार मिस्त्रीला सांगितलं. त्यानं किल्लीचा स्विच उघडून बघितला. आतून पार झिजला होता. "इत्ता वजन लटकाए तो क्या होगा शेठ? पैले बोलना था ना!" मी म्हणालो, पहिले विचारायचं होतं ना. मग त्यानं नवा स्विच बसवला.

नवा स्विच बसल्यावर माझ्या मनात आशा पालवली.

"सुनंदा, स्विच नवा बसवलाय. आता जुडगा दे."

"नवा हाय तर कशाला घासवता? गाडी बंद पडंल."

"गाडीला न्हाई लावणार. खिशात ठेवीन."

"ठेवताल दोन दिस. मंग लावताल. मला माहीत हायेत तुम्ही."

आता दुकानाचं शटर सकाळी ती उघडते. मी मागून येतो. दुकानातल्या माणसांना मी आल्याचं कळत नाही, त्यामुळे मला त्यांच्याकडून माझ्याबद्दल बरंच काही कळतं. गाडी मात्र एकदाही बंद पडलेली नाही.

परवा कुठेतरी निघालो होतो. म्हणालो, "अगं, कपाटाची किल्ली दे जरा."

"कशाला पाहिजे?"

"रुमाल काढायचाय."

"बसा, मी देते काढून."

ती उठली, कपाट उघडलं, एक रुमाल काढून माझ्या हातात ठेवला, कुलूप लावलं आणि लागलं की नाही ते ओढून बघितलं. मग जुडगा वाजवत आत गेली. आईनं जपाची माळ शोधली. टीव्हीचा आवाज बारीक झाला. घरात सगळे सावरून बसले. मीसुद्धा.